काट्यावर नजर ठेवून हरिहरेश्वर

हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाडव्याला गुढी उतरवता उतरवता जाहीर केलं की या वर्षी दर्शनाला जायचं आणि आपल्याच गाडीनं जायचं. आपली गाडी म्हणजे तेवीस वर्षांची व्हॅन. पुढच्या सीटखाली तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बाजूला सरकणारं दार, आणि नाक म्हणून काही नाहीच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. पंधरा वर्षं झाली तेव्हा ग्रीन टॅक्स भरून पासिंग वाढवून घेतलं, पाच वर्षांनी पुन्हा घेतलं. सोसायटीत तिला ‘डबा’ म्हणतात. अण्णांसमोर म्हणत नाहीत.

महिनाभर तिचा टेंपरेचरचा काटा अधूनमधून वर जात होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं सीट उचलली, इंजिनाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “हेड गॅस्केट. अठरा हजार.” (हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं पातळ सील.) दुसऱ्यानं सीटही उचलली नाही. “काका, विकून टाका.” मी दोघांचंही ऐकलं नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, अठरा हजार नव्हते एवढंच. ऑइल बदललं, फॅन बेल्ट नवा टाकला, आठवडाभर कोथरूड-डेक्कन-कोथरूड केलं. काटा शहाण्यासारखा मधेच राहिला, तेव्हा म्हटलं निघू या.

शुक्रवार

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. निघालो पावणेआठला. अण्णांची पूजा, मग तुळशीला पाणी, मग त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी रेडिएटरमध्ये. हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा नेम. रोज सकाळी झाकण उघडून बघायचं आणि जेवढं मावेल तेवढं भरायचं. “गाडीला तहान लागते रे,” असं ते म्हणतात. आम्ही चौघं: अण्णा, मी, आमची ही, आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा. तो मागे पाय पसरून झोपायच्या तयारीनंच आला होता.

पावणेआठला कोथरूडहून निघालात तर भूगाव तुम्हाला सोडत नाही. चांदणी चौकाचा नवा पूल झाल्यापासून आपण तिथे पटकन पोचतो, पण पोचतो ते भूगावच्या रांगेच्या शेपटीला. पिरंगुटच्या कारखान्यांच्या बसेस, डंपर, शाळेच्या गाड्या. पहिल्या गिअरमध्ये दहा फूट, मग ब्रेक. पंधरा मिनिटांत काटा निम्म्यावरून पाऊणवर आला आणि मला दरदरून घाम फुटला. सीटखाली इंजिन असल्यामुळे तो तसाही फुटतोच.

अशा वेळी हिटर पूर्ण चालू करायचा, हे मी कधीतरी ऐकलं होतं. हिटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनाचंच गरम पाणी त्यातून फिरतं आणि थोडी उष्णता बाहेर टाकतं. बाहेर म्हणजे अर्थातच आपल्या अंगावर. चैत्रातल्या उन्हात हिटर लावून भूगावातून जाणारी पुण्यातली आमची पहिलीच गाडी असेल. ही म्हणाली, “देवाला जाताना प्रायश्चित्त आधीच घेतोयस का?” काटा मात्र दोन रेघा खाली आला. तेवढ्यात डावीकडे वडापावच्या गाडीजवळ जागा दिसली आणि मी व्हॅन आत घातली.

इंजिन लगेच बंद केलं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवलं आणि खाली वाकून पुढून पाहिलं. रेडिएटरमागचा इलेक्ट्रिक पंखा ढिम्म. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याचं काम पडतं ते रांगेत. म्हणजे डेक्कनच्या फेऱ्यांत काटा का शांत होता आणि इथे का चढला, त्याचं उत्तर समोर होतं. आता पंखा का फिरत नाही ते शोधायचं. फ्यूज पाहिला, शाबूत. मोटर जळालीय की तिला हुकूमच मिळत नाहीये? पाणी ठरावीक गरम झालं की रेडिएटरला बसवलेला एक छोटा स्विच आतून जुळतो आणि पंखा सुरू होतो. भाच्यानं त्या स्विचचं सॉकेट ओढून काढलं. त्यातल्या दोन तारा वायरच्या तुकड्यानं जोडल्या आणि किल्ली फिरवल्याबरोबर पंखा भर्रकन फिरायला लागला. वडापाववाल्यानंही टाळी दिली. मोटर ठीक, फ्यूज ठीक, स्विच गेलेला. तो तुकडा चिकटपट्टीनं गुंडाळून तसाच ठेवला. किल्ली चालू तेव्हा पंखा चालू, एवढा साधा हिशेब.

पुढचा प्रवास मी मुद्दामच थोडक्यात सांगतो, कारण त्यात काही बिघडलं नाही. पौड, मुळशीचं पाणी उजव्या हाताला, ताम्हिणी. मुळशी आली की अण्णा सेनापती बापटांवर येतात. १९२१ चा सत्याग्रह, बुडालेली गावं, टाटांचं धरण, आणि ते पाणी डोंगर उतरून भिऱ्याला वीज कसं करतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. या वेळी फरक एवढाच की ऐकताना माझे डोळे काट्यावर होते. काटा निम्म्यावर. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, माणगावला महामार्गाच्या रांगेत अर्धा तास अडकलो, तिथेही पंखा फिरत राहिला आणि काटा हलला नाही. मी इतका फुगलो होतो की म्हसळ्याच्या अलीकडे भाच्याला थर्मल स्विचवर व्याख्यान दिलं. दुपारी अडीचला हरिहरेश्वर. घरगुती खानावळीत सोलकढीचे तीन पेले.

रात्री झोपण्यापूर्वी खिशातल्या वहीत लिहिलं: ‘रांगेत तापते, पळताना नाही. कारण पंखा. विषय संपला.’

शनिवार

विषय संपला नव्हता.

सकाळी अण्णा तांब्या घेऊन अंगणात गेले आणि पाच मिनिटांनी हाक आली. रेडिएटरमध्ये दीड तांब्या पाणी गेलं होतं. एका दिवसात. गाडीखालची जमीन कोरडी ठणठणीत, होजवर, म्हणजे पाण्याच्या रबरी पाइपांवर, कुठे ओल नाही, वॉटर पंपाखाली थेंब नाही. पाणी बाहेर सांडत नसेल तर ते आत कुठेतरी जात असलं पाहिजे, आणि आत म्हणजे सिलिंडरमध्ये. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आणि त्याचे अठरा हजार डोळ्यांसमोर आले.

दर्शनाला जायच्या आधीच मी आणि भाचा कामाला लागलो. हेड गॅस्केट गेलंय का हे घरच्या घरी पाहायच्या काही खुणा आहेत. गाडी अजून थंड होती, हे बरंच झालं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल काळं, पण स्वच्छ. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ, कॉफीवरच्या फेसासारखा थर नव्हता. (किंचित थर असला तरी लगेच घाबरू नये, फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानंही येतो. ऑइलच दुधाळ झालं तर मात्र घाबरावं.) मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत असेल तर बुडबुडे थांबता थांबत नाहीत. सुरुवातीला दोनचार आले, मग पाणी शांत. वरचा होज दाबून पाहिला. झाकण लावून थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरात तो दगडासारखा कडक झाला तर समजावं की दाब भलत्या ठिकाणहून येतोय. तो मऊच होता. सायलेन्सरमागे भाचा नाक लावून उभा. पांढरा धूर नाही.

“मामा, गॅस्केट नाही,” तो म्हणाला. “मग पाणी गेलं कुठे?”

उत्तर अण्णांनीच दिलं, स्वतःच्याही नकळत. “बाटली तर काठोकाठ भरलेली आहे. बाटली कधीच कमी होत नाही आपली.”

रेडिएटरला एका बारीक नळीनं प्लास्टिकची बाटली जोडलेली असते. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं झाकणातून बाटलीत जातं. गाडी थंड झाली की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते आणि तेच पाणी परत ओढलं जातं. त्यासाठी झाकणात दोन झडपा असतात, एक बाहेर सोडणारी आणि एक आत घेणारी. आमच्याकडे बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. म्हणजे पाणी जात होतं, परत येत नव्हतं. वाटेत बाटली भरून वाहिली असणार आणि वाऱ्यानं वाळूनही गेली असणार. झाकण उलटं करून पाहिलं तर मधली छोटी झडप गंजून चिकटलेली, आणि रबराला चिरा. बाटली भरलेली म्हणजे सगळं उत्तम, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

झाकणाचा दुसरा उपयोग हिनं एका वाक्यात सांगितला. “म्हणजे कुकरची शिट्टी आणि गॅस्केट.” बरोबर तेच. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढे बार जादा दाब ते आत धरून ठेवतं, आणि मग पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की कुकरची पातेली झाली. याच कारणानं तापलेल्या गाडीचं झाकण कधी उघडू नये. आत दाबून ठेवलेलं पाणी सुटल्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. एकदा घाटात एका ट्रक ड्रायव्हरचा हात असा भाजलेला अण्णांनी पाहिला होता. ते अजूनही झाकण उघडताना पंचा चार पदरी करतात, गाडी गार असली तरी.

मग देवाचं झालं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, हा क्रम अण्णा मोडू देत नाहीत. ओहोटी होती म्हणून भाचा आणि मी प्रदक्षिणेला खाली उतरलो. त्या खडकातल्या अरुंद पायऱ्या, दोन्हीकडून कातळ, आणि अचानक समोर समुद्र. लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. खारं पाणी दगडाचं एवढं करतं, तर रेडिएटरमधल्या पातळ पितळेच्या नळ्यांचं साधं पाणी काय करत असेल, असा विचार तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही.

दुपारी झाकण शोधायला श्रीवर्धन. पुणेकरानं श्रीवर्धनला जाणं म्हणजे एका अर्थी माहेरी जाणं. बाळाजी विश्वनाथ भट इथलेच. १७१३ साली ते पेशवे झाले आणि पुढची शंभर वर्षं पुण्याची घडी बसली. अण्णांनी विचारलं, “एवढा घाट ते कसे चढले असतील रे?” भाचा म्हणाला, “आजोबा, त्यांना रेडिएटर नव्हता.”

स्पेअर पार्टच्या दुकानात ०.९ चं झाकण नव्हतं. १.१ चं होतं. “साहेब, हे जास्त चांगलं, जास्त प्रेशर धरतं,” दुकानदार म्हणाला. मी नको म्हटलं. तेवीस वर्षांच्या होजना आणि रेडिएटरच्या सांध्यांना जास्तीच्या दाबाची सवय नाही, झाकण धरेल पण दुसरंच काहीतरी फुटेल. त्यानं तोंड वाकडं केलं. मग आतल्या खोलीत जाऊन, फुंकर मारून धूळ उडवत एक ०.९ चं आणलंच. बरोबर बॅटरीच्या पाण्याचे दोन कॅन घेतले. डिस्टिल्ड वॉटर मागितलं असतं तर तो मेडिकलकडे पाठवता. बॅटरीचं पाणी म्हटलं की कुठेही मिळतं.

रविवार

पंखा फिरतोय, झाकण नवं, पाणी पूर्ण. सकाळी साडेनऊला निघालो, चारला घरी चहा प्यायचा, असा हिशेब. निजामपूर, विळे, आणि समोर ताम्हिणीची भिंत.

जाताना हा घाट आम्ही उतरलो होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुण्याकडून चढ फारसा नाही. खरी चढण कोकणातून वर येताना. दुसरा गिअर, चार माणसं, नारळ, आमसुलं, कोकमाच्या सहा बाटल्या, दुपारचं ऊन. तिसऱ्या वळणावर काटा हलला. पाचव्या वळणावर पाऊणच्या पुढे. पंखा जोरात फिरत होता, आवाज स्पष्ट ऐकू येत होता. हिटर लावला, अंग पोळलं, पण काटा खाली यायला तयार नाही.

गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला. या घाटात आम्ही तीनदा थांबलो, दर वेळी पाऊण तास. अण्णा शांत होते. म्हणाले, पूर्वी एस.टी. घाटात मध्येच उभी राहायची, ड्रायव्हर बादलीनं रेडिएटर भरायचा आणि तोवर उतारू खाली उतरून करवंदं तोडायचे. त्यांनी झुडपात पाहिलंही, करवंदं अजून हिरवी होती. एक पिकअपवाला थांबून म्हणाला, “इंजिनावर गार पाणी मारा, लगेच बसंल.” मी हात जोडले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की हेडला बाक येतो किंवा तडा जातो. अठरा हजारांचं निदान तिथल्या तिथे खरं ठरलं असतं.

बसल्या बसल्या वहीत मांडून पाहिलं. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा धुरातून जातो, आणि तिसरा पाण्यातून रेडिएटरला टाकावा लागतो. चढणीला इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, म्हणून टाकायची उष्णताही जास्त. शुक्रवारी रांगेत तापली ती वारा नव्हता म्हणून. आज वारा आहे, पंखा आहे, तरी तापते. म्हणजे आज हवा कमी नाही, पाणी कमी फिरतंय. झाकण थंड असताना लावलं होतं, पाणीही पूर्ण होतं, तेव्हा कमी पडतंय ते पाण्याचं फिरणं.

दुसऱ्या थांब्याला, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून, मी होजवर आणि रेडिएटरवर हात फिरवला. पंखा किल्लीबरोबर बंद झाला होता, तरी भाचा पात्यांवर डोळा ठेवून होता. वरचा होज हात लावू देईना. खालचा जेमतेम कोमट. रेडिएटरची वरची पट्टी पोळत होती आणि मध्यभागी, उजवीकडे, तळहाताएवढा भाग चक्क गार. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. एकच शंका राहिली, की खालचा होज जुना होऊन आतून मऊ पडला असेल आणि पंपाच्या ओढीनं चिमटत असेल. भाच्यानं थोडा वेळ इंजिन रेस केलं, मी पाहत राहिलो. होज गोलच होता. राहिला रेडिएटर.

संध्याकाळी सातला पिरंगुट. रविवारची परतीची गर्दी, भूगावची तीच रांग, यावेळी उलट दिशेनं. सव्वा तास. आणि त्या अख्ख्या सव्वा तासात काटा निम्म्यावरून हलला नाही. शुक्रवारी जिथे तापली तिथे आज गार, आणि शुक्रवारी जिथे गार होती तिथे आज तापली. मला त्या रांगेत चक्क मजा आली. हिला आली नाही.

सोमवार

सकाळी आधी कोपऱ्यावर गेलो, निव्वळ सभ्यता म्हणून. “सांगितलं होतं ना, हेड गॅस्केट. घाटात चढत नाही म्हणजे तेच.” मी वहीतल्या खुणा सांगायला लागलो तर तो दुसऱ्याच्या स्कूटरकडे वळला.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या एका बोळात फक्त रेडिएटरचं काम करणारे एक चाचा आहेत, असं हिच्या ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं. बारा फूट रुंद दुकान, भिंतीला टांगलेले पंचवीस-तीस रेडिएटर, खाली पाण्याची सिमेंटची टाकी, आणि हातात ब्लो लॅम्प घेतलेले पांढऱ्या दाढीचे चाचा. मी म्हटलं, “गाडी तापते.”

“कधी?”

महिनाभरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून तीन दिवसांची पानं वाचली. भूगावपाशी हसले, ताम्हिणीपाशी मान हलवली. “गॅस्केट नाही साहेब. खोला.”

रेडिएटर खाली उतरला. चाचांनी वरच्या टाकीच्या सांध्यावर ज्योत फिरवली, डाख पातळ झाला, आणि टाकी झाकणासारखी उचलून बाजूला ठेवली. आतलं दृश्य मी विसरणार नाही. चपट्या पितळी नळ्यांची ओळ. त्यातल्या निम्म्या जवळजवळ बंद. कडेला पांढरा चुन्यासारखा थर, मधे विटकरी चिखल.

“पाणी कुठलं टाकता?”

मी गप्प. आमच्या सोसायटीत प्यायचं पाणी खडकवासल्याचं, महापालिकेचं, मऊ. वापरायचं पाणी बोअरचं. तुळशीला बोअरचं जातं. म्हणजे तांब्यात बोअरचं. ही म्हणाली, “गीझरच्या कॉइलवर चढतो ना, तोच हा.” दोन वर्षांतून एकदा आम्ही ती कॉइल बदलतो आणि दर वेळी बोअरला शिव्या देतो. तेच पाणी रोज सकाळी भक्तिभावानं रेडिएटरमध्ये. त्यात झाकण परत ओढत नव्हतं म्हणून रोज थोडं कमी व्हायचं, रोज थोडं नवं क्षारांचं पाणी आत जायचं, आणि इंजिनाच्या लोखंडाचा गंज त्यात मिसळायचा, कारण कूलंट नावाची गोष्ट आम्ही कित्येक वर्षांत टाकलीच नव्हती. ‘कूलंट थंड देशांसाठी,’ असं वाक्य आमच्या घरात मीच म्हटलेलं आहे. कूलंटमधलं रसायन गंज रोखतं, हे तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. तीनशे रुपये वाचवायचे होते.

चाचांनी रॉडिंग केलं. लांब, चपटी पट्टी एकेका नळीतून वरून खाली सारायची, ओढायची, पुन्हा सारायची. करवतीसारखा आवाज, खाली विटकरी गाळ. एक नळी फाटलेली निघाली, ती दोन्ही टोकांना डाख देऊन बंद केली. “एक गेली तर चालतं. चार गेल्या तर नवा घ्या.” आता येणारे बरेचसे रेडिएटर अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाकीचे, ते असे खोलता येत नाहीत. चाचांकडे हे काम आता महिन्यातून चारपाचच येतं, ट्रॅक्टर, जनरेटर आणि आमच्यासारखे. शेवटी टाकी परत जोडली, एक तोंड बुजवून हवा भरली आणि रेडिएटर पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही.

परत बसवायच्या आधी चाचांचा मुलगा इंजिनातून उलट दिशेनं पाणी सोडत होता. तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ यायला लागलं. मग त्यानं थर्मोस्टॅटचं घर उघडलं आणि विचारलं, “वॉल कुठंय?”

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका सर्व्हिसिंगमध्ये मिस्त्री म्हणाला होता, “वॉल काढून टाकतो, आपल्याकडे काय गरज.” आणि मी हो म्हटलं होतं. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असतं तोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, पाणी इंजिनातच फिरवतो, आणि ८२ अंशांच्या आसपास उघडतो. काढून टाकला की सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. (गेली दोन वर्षं अॅव्हरेज पडलंय म्हणून मी पेट्रोल पंपाला दोष देत होतो.) शिवाय काही इंजिनांत हाच वॉल उघडताना मागची आडवाट बंद करतो. वॉलच नसेल तर ती आडवाट कायम उघडी, आणि काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत. चाचांच्या मुलाच्या मते आमचं इंजिन त्यातलंच.

पलीकडच्या दुकानातून नवा वॉल, पंख्याचा नवा स्विच, कूलंट आणि नवे होज घेतले. चाचांचे धरून सगळे मिळून साडेचार हजारांच्या आत. रात्री भाच्यानं वॉल दोऱ्याला बांधून दुधाच्या पातेल्यात लोंबकळत सोडला, गॅस लावला आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचा थर्मामीटर धरला. ८१ ला तो हलला, पुढे हळूहळू पूर्ण उघडला. नवा भागही तपासून बसवावा, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. पातेलं ही आता दुधाला वापरत नाही.

मंगळवार

सकाळी गाडी भरायला घेतली. अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी. या व्हॅनमध्ये इंजिन मधे आणि रेडिएटर पुढे, मधून जमिनीखालून लांब पाइप, त्यामुळे हवा अडकते. हवा अडकली की काटा खोटं सांगतो किंवा इंजिनाचा एखादा कोपरा कोरडा तापतो. सोसायटीच्या उतारावर गाडीचं तोंड वर करून लावली, हिटर उघडला, झाकण काढून इंजिन चालू ठेवलं आणि होज दाबत राहिलो. ढबूक ढबूक करत हवा निघत राहिली, पातळी खाली जात राहिली, आम्ही भरत राहिलो. वॉल उघडला तेव्हा पाणी एकदम खाली बसलं, ते पुन्हा भरलं. झाकण लावलं. काही वेळानं पंखा आपणहून सुरू झाला, दोनेक मिनिटांनी आपणहून थांबला. भाच्याची वायर मी खिशात ठेवली, अजून आहे.

परीक्षेला दिवे घाट. हडपसर, फुरसुंगी, वडकी, आणि चढ. माउलींची पालखी ज्या घाटात दिसते तोच. अण्णा पुढच्या सीटवर. बाराच्या उन्हात मी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये चढवली, मधे एका डंपरमागे रांगत गेलो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, जवळजवळ आटलेला. काटा निम्म्याच्या एक केस खाली. वर पोचेपर्यंत तिथेच.

दिव्यात अंजीरवाल्यापाशी थांबलो. अण्णांनी एक अंजीर फोडून खाल्लं आणि मग खाली उतरून रेडिएटरच्या जाळीसमोर हात धरला, जसा लहान मुलाच्या कपाळाला लावतात.

“ताप नाही,” म्हणाले.

मी त्यांना बोअरचं काहीच सांगितलं नव्हतं. नाना पेठेतून आल्यावर हिनं मला दोनदा बजावलं होतं, नको सांगूस. पण भाच्यानं रात्री मोबाइलमध्ये काढलेला त्या उघड्या नळ्यांचा फोटो त्यांना दाखवला होता, मोठा करून. मला नंतर कळलं.

बुधवार

सकाळी गॅलरीतून पाहिलं. अण्णा तांब्या घेऊन खाली आले. तुळशीला पाणी घातलं. मग उरलेलं घेऊन नेहमीसारखे व्हॅनपाशी गेले, पंचा चार पदरी केला, झाकणावर हात ठेवला आणि तसेच जरा वेळ उभे राहिले. मग हात काढला. तांब्यातलं पाणी पुढच्या काचेवर ओतलं आणि पंचानं काच पुसायला लागले.